नवं जहाज पहिल्या सफरीआधी बघायला बोलावलंय, तर बघायचं काय?

धुळ्याच्या एका तरुण सहल-आयोजकाचा प्रश्न आहे: "ताई, एका क्रूझ कंपनीनं नव्याकोऱ्या जहाजावर दोन रात्री बोलावलंय. प्रवाशांची पहिली सफर सुरू व्हायच्या आधी एजंट लोकांना जहाज दाखवतात, तसं. बार्सिलोनाहून निघून परत बार्सिलोना. मे महिन्यात धुळे, शिरपूर, नंदुरबारचे चव्वेचाळीस जण त्याच जहाजावर न्यायचे आहेत, बरेचसे साठीच्या पुढचे. कंपनी म्हणते पहिल्याच सफरीला या, भाव कमी करतो. दोन दिवसांत मी काय काय बघू? आणि पहिली सफर घेऊ का?"

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पहिली सफर घेऊ नका. कारण पुढे येईलच. बघायला मात्र नक्की जा, कारण जहाज अर्धवट जागं झालेलं असताना जे दिसतं ते नंतर कधीच दिसत नाही.

मी जळगावातून बावीस वर्षं गट नेतेय. अशा दाखवायच्या सफरी तीन केल्या. पहिलीत मी काचेचा जिना, झुंबर, पोहण्याचे तलाव, नाटकगृह यांचे शेदोनशे फोटो काढले, आणि परत येऊन ते दाखवून गट भरला. सफरीच्या पहिल्याच संध्याकाळी शिंदखेड्याच्या एका आजींनी मला खोलीत बोलावून घेतलं. न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या, चौकट धरून. "ओ माय, आठे पाय कसा टाकू मी?" म्हणाल्या. दाराला चांगला वीतभर उंच उंबरठा होता, आणि आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. माझ्या शेदोनशे फोटोंत तो उंबरठा एकाही फोटोत नव्हता. आठ दिवस आजींची सून त्यांना दोन्ही हातांनी धरून आत न्यायची. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण तेव्हापासून मी जहाज बघायला जाते ती मोजपट्टी घेऊन.

आधी हे लक्षात घ्या की तुम्हाला बोलावलंय कशासाठी. आपल्याकडे साखर कारखाना नवा उभा राहिला की पहिल्या वर्षी चाचणी गळीत हंगाम घेतात. बॉयलर पेटतो, ऊस पडतो, साखरही निघते, पण कुठली वाफ कुठून गळतेय हे बघण्यासाठीच तो हंगाम असतो. जहाजाचंही तसंच. बांधणीच्या गोदीतून तरंगत बाहेर काढल्यावर त्याला समुद्रात नेऊन चाचण्या घेतात: पूर्ण वेगात पळवतात, एकदम थांबवून बघतात, गर्रकन वळवतात, कुठे थरथर होते ती मोजतात. हे काम गोदीच्या लोकांचं. मग जहाज कंपनीच्या ताब्यात येतं आणि खरी धांदल सुरू होते. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलं. जून २०२३ मध्ये ते पहिल्यांदा चाचणीला समुद्रात गेलं, नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीला मिळालं, आणि प्रवासी घेऊन मायामीहून पहिल्यांदा निघालं ते २७ जानेवारी २०२४ ला. मधले दोन महिने कुठे गेले? माणसं शिकवण्यात. इंजिनाची परीक्षा झालेली असते, पण एकाच वेळी हजारो ताटं वाढणं, हजारो चादरी बदलणं आणि सकाळी साडेसातला सगळ्या खोल्यांत एकदम नळ सुरू होणं, याची परीक्षा माणसं चढल्याशिवाय होत नाही. म्हणून एजंट, पत्रकार, कर्मचाऱ्यांचे नातेवाईक यांना बोलावतात. तुम्ही पाहुणे आहातच, पण त्या चाचणीतला ऊसही आहात.

(पूर्वी एवढा वेळ देत नसत. टायटॅनिकची समुद्रातली चाचणी २ एप्रिल १९१२ ला झाली, तीही एका दिवसात आटोपली. आठ दिवसांनी ते प्रवासी घेऊन निघालं.)

म्हणून एखादी गोष्ट बिघडलेली दिसली तर घाबरू नका, आणि सगळं सुरळीत दिसलं तर भुलू नका. अशा सफरीला जहाज बहुतेक वेळा पूर्ण भरलेलं नसतं. लिफ्ट लगेच येते, नाश्त्याला रांग नसते, तलावाकाठी खुर्च्या मोकळ्या. ते खरं चित्र नाही. उलट काही दुकानं बंद असतील, कोपऱ्यात गोदीचे कामगार गुडघ्यावर बसून फरशीच्या कडा भरत असतील, रंगाचा आणि डिंकाचा वास असेल. तेही कायमचं नाही. तुम्ही बघायचं ते फक्त लोखंडात पक्कं झालेलं. माणूस शिकतो, वास जातो, पण उंबरठा, दाराची रुंदी, जिना आणि लिफ्ट कुठे आहेत हे पुढची तीस वर्षं बदलणार नाही.

तुमची खोली बहुधा बाल्कनीची आणि चांगली असेल. तिच्यावरून काही ठरवू नका. तुमचा गट ज्या दराच्या खोलीत राहणार, ती उघडून दाखवा म्हणा. आतली, खिडकी नसलेली खोली सुद्धा. तुम्हाला एजंट म्हणूनच बोलावलंय, ते दाखवतात. मग दार लावून घ्या आणि निवांत बसा. उंबरठा मोजा. न्हाणीघराचं दार किती रुंद उघडतं ते मोजा. पलंगाची उंची मोजा, कारण फार खालच्या पलंगावरून गुडघेदुखीवाल्याला उठता येत नाही. पलंगाखाली आपली मोठी बॅग आडवी सरकते का बघा. नाही सरकली तर आठ दिवस ती वाटेत पडून राहते आणि रात्री कोणीतरी अडखळतं. जोडपलंग वेगळे करता येतात का विचारा आणि प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. आपल्या गटात दोन विहिणी, नणंद-भावजय, मैत्रिणी अशा एका खोलीत असतात, आणि पलंग वेगळे केल्यावर चालायला जागा उरते की नाही हे चित्रावरून कळत नाही.

मग दिवा बंद करून पंधरा मिनिटं नुसतं ऐका. वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो का? माझ्या दुसऱ्या जहाजावर आमच्या अर्ध्या खोल्या बरोबर पोहण्याच्या तलावाच्या खाली आल्या होत्या. पहाटे पाचला वर आरामखुर्च्या मांडायला सुरुवात व्हायची, ती घरघर थेट डोक्यात. मजल्यांचा नकाशा मागून घ्या आणि तो दोन बोटांनी वाचा: एक बोट तुमच्या खोलीवर, दुसरं बरोबर तिच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर झोप चांगली लागते. वर तलाव किंवा भोजनगृह आणि खाली नाचगाण्याची जागा असेल तर नको. अगदी पुढच्या टोकाला बंदरात शिरताना नांगराचा आणि जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांचा आवाज येतो. ज्यांना एसटीतही मळमळतं त्यांना जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर खोली द्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. समुद्र बघायला वरची खोली बरी वाटते, पोटाला खालची.

न्हाणीघराबद्दल मोकळेपणानं लिहिते, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्याच येतात. बादली नसते. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो. शौचालय हवेच्या ओढीनं चालतं, पाणी अगदी थोडं लागतं, आणि झाकण लावून बटण दाबलं की मोठा आवाज होतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. नव्या जहाजावर ही ओढीची यंत्रणा रुळायला वेळ घेते, एका ओळीतल्या खोल्या एकदम बंद पडतात, असं मी स्वतः पाहिलंय. तेव्हा तुमच्या मुक्कामात सकाळच्या गर्दीच्या वेळी ती नीट चालते का याकडे लक्ष असू द्या. आणि गटातल्या प्रत्येकाला सांगा: बॅगेत प्लास्टिकचं टमरेल टाका. हे निघायच्या आधीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. लाजत सांगितलं तर निम्मे लोक ऐकतच नाहीत.

खोलीपासून भोजनगृहापर्यंत पावलं मोजत चाला. आयकॉनसारखं जहाज ३६५ मीटर लांब आणि वीस मजली आहे. खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसातून तीनदा जाऊन-येऊन दोन किलोमीटर होतात, तेही एकसारख्या दिसणाऱ्या बोळांतून. आपल्या म्हाताऱ्या माणसांना चालायचं भय नसतं, हरवायचं असतं. मी गालिच्याचा रंग, भिंतीवरचं चित्र, लिफ्टजवळचा पुतळा अशा खुणांचे फोटो काढून आणते आणि बैठकीत दाखवते. "लाल मासा दिसला की डावीकडे" हे नंदुरबारच्या आजोबांना पक्कं लक्षात राहतं, खोलीचा पाच आकडी नंबर राहत नाही.

आता पोटाचं. मुदपाकखाना दाखवा असा आग्रह धरा आणि तिथे भारतीय स्वयंपाकी आहे का, किती आहेत, हे विचारा. जवळजवळ प्रत्येक मोठ्या जहाजावर आपली पोरं असतात, मुंबईची, गोव्याची, केरळची. त्यातल्या एखाद्याशी दोन मिनिटं हिंदीत बोललात तर माहितीपत्रकातून मिळणार नाही एवढं कळतं. "जैन जेवण मिळेल" असं छापलेलं असतं; तुम्ही विचारा, कांदा-लसूण नाही म्हणजे बटाटाही नाही हे पाठीमागे चुलीवर उभ्या असलेल्या माणसाला माहीत आहे का? पॅन वेगळं का? मी दुसऱ्या दिवशी दुपारी साधी मुगाची खिचडी मागून बघते. किती वेळानं येते आणि कशी येते, यात सगळं उत्तर असतं. एका जहाजावर पन्नास मिनिटांनी आली, वर बारीक चिरलेला कांदा घालून. वाढणारा मुलगा इतका मनापासून हसत होता की मला त्याला काही बोलवेना. पण वहीत टिपलं, आणि तिथल्या मुख्य वाढप्याला भेटून आमच्या सफरीआधी लेखी घेतलं. आमच्या सफरीत ती चूक झाली नाही.

तुमच्या गटात सूर्यास्तानंतर न जेवणारे असतील तर जेवणाची वेळ आधी ठरवा. मे महिन्यात बार्सिलोनाला सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. पुढे कधी तुम्ही उत्तर नॉर्वेला गट नेलात तर उन्हाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य मावळतच नाही. तिथे आमच्या एका काकांनी घड्याळ लावून जळगावच्या सूर्यास्ताप्रमाणे जेवायचं ठरवलं होतं. अशा गोष्टी घरूनच बोलून ठेवायच्या.

भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी यांची आठवण तिसऱ्या दिवशी निघतेच. घरी शिजवलेलं जहाजावर बहुतेक नेऊ देत नाहीत, कारखान्याचं बंद पाकीट चालतं. किटली, पाणी तापवायची सळई, इस्त्री बॅगेत सापडली की काढून घेतात, आग लागण्याची भीती म्हणून. ते बरोबरच आहे, त्यावर वाद घालू नका.

स्वच्छतेचं एक सांगते. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथलं सरकारी आरोग्य खातं तपासणी करतं आणि शंभरपैकी गुण देतं. ८६ किंवा जास्त मिळाले तर पास. हे गुण कोणालाही बघता येतात. नव्या जहाजाला असे गुण अजून नसतात, म्हणून त्याच कंपनीच्या आधीच्या जहाजांचे बघा. कंपनीची सवय कळते.

जहाजावरची सगळ्यात महत्त्वाची जागा कुठली असं मला विचारलं तर मी जमायची जागा म्हणेन, संकटात प्रवाशांनी गोळा व्हायची. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत घेतली तरी चालायची. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत झालीच पाहिजे. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे धोका. माणसं जमल्यावर जहाज सोडायचा इशारा झाला की तीस मिनिटांत सगळ्या जीवरक्षक नावा भरून पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आता बरीच जहाजं कवायतीऐवजी खोलीतल्या टीव्हीवर किंवा फोनवर चित्रफीत दाखवतात आणि मग आपापल्या जागी जाऊन नुसती हजेरी लावायची. तरुणांना ते सोयीचं आहे. आपल्या लोकांना इंग्रजी चित्रफितीतलं काही कळत नाही, ते दुसऱ्याच्या मागे जाऊन हजेरी लावून येतात. म्हणून या दोन दिवसांत तुम्ही स्वतः खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्यानं जाऊन बघा. जिन्यानंच, कारण त्या वेळी लिफ्टवर भिस्त ठेवता येत नाही. किती पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, वाटेत जड दार आहे का. मग आपल्या भाषेत ते बोलून रेकॉर्ड करा आणि गटाला पाठवा. माझ्या गटात मी अहिराणीतही एक बोलून ठेवलंय. ते ऐकून म्हातारी माणसं खरंच आधी वाट बघून येतात. ज्यांना पायऱ्या जमणारच नाहीत त्यांची नावं चढायच्या आधी कंपनीला लेखी द्या. त्यांना न्यायला माणूस नेमून देतात. बिनउंबरठ्याच्या, रुंद दाराच्या खोल्या थोड्याच असतात आणि लवकर जातात, त्यासाठी आजच अर्ज करा.

माहितीपत्रकातल्या आकड्यांपैकी दोनच कामाचे. एक, जहाजाचं टनेज. ते वजन नसतं, आतली जागा किती हे सांगणारं माप असतं. दुसरा, प्रवासी किती. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की माणशी जागा किती ते कळतं. आयकॉनचं टनेज २,४८,६६३. खोलीत दोन-दोन माणसं धरली तर ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी साधारण ४४. पण तिसरे-चौथे पलंग उघडले की ७,६०० पर्यंत माणसं बसतात, तेव्हा तोच आकडा ३३ च्या आत येतो. शाळांना सुट्टी लागली की ते पलंग भरतात. म्हणून तुमच्या जहाजाचा भागाकार दोन्ही आकड्यांनी करा आणि गटाची तारीख मेच्या कुठल्या आठवड्यात धरायची, तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या कधी आहेत, हे बघा. एकाच जहाजावर एक आठवडा इकडे-तिकडे झाला तर सफर पार वेगळी होते.

आता पहिली सफर का नको. नवं जहाज वेळेवर तयार होईलच असं कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. 'क्वीन एलिझाबेथ २' या गाजलेल्या जहाजाची टर्बाइनं डिसेंबर १९६८ च्या चाचणीत बिघडली, कंपनीनं ताबा घ्यायला नकार दिला, आणि जानेवारीची पहिली सफर मे १९६९ वर गेली. हे जुनं झालं म्हणाल, तर 'डिस्नी ॲडव्हेंचर'ची सिंगापूरहून सुटणारी पहिली सफर डिसेंबर २०२५ ला ठरली होती, ती मार्च २०२६ वर ढकलली. कंपनी जहाजाचे पैसे परत करते, दुसरी तारीख देते. पण तुमची विमानाची तिकिटं, व्हिसाच्या तारखा, धुळ्याहून मुंबईची गाडी, हे कोण भरून देणार? आपल्याकडे लोक केळीचे, कापसाचे पैसे आले की त्यातून सहलीचे बाजूला काढतात. मुलगी बाळंतपणाला येणार, खरिपाची तयारी सुरू होणार, या दोन्हींच्या मधली पंधरा दिवसांची फट धरून माणूस येतो. त्याला तुम्ही "तीन महिन्यांनी या" म्हणू शकत नाही.

दुसरं, हे कर्मचारी एकमेकांसाठीही नवे असतात. पाच-पन्नास देशांची माणसं, कोणी जुन्या जहाजावरून आलेलं, कोणी घरातून पहिल्यांदा निघालेलं. कोणती लिफ्ट कुठे जाते हे त्यांनाही पहिल्या आठवड्यात शोधावं लागतं. माझा अनुभव असा की सहा ते आठ आठवड्यांनी घडी बसते. तेव्हाही गाद्या नव्याच असतात आणि पोरांचा उत्साह टिकलेला असतो. गट न्यायला मला ती वेळ सगळ्यात आवडते. तुमच्याकडे पंधरा-वीस तरुण जोडपी असती, तारखेचा आग्रह नसता, तर सवलत घ्या म्हटलं असतं. साठीच्या पुढच्या चव्वेचाळीस जणांना घेऊन नाही. सवलत हवीच असेल तर कंपनीला सांगा, "याच भावात आठव्या-नवव्या सफरीला द्या." मला एकदा मिळाली आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

करारात एक ओळ तपासा: तारीख किंवा मार्ग बदलला तर विमानखर्चाबद्दल काय. आणि मार्गात ट्युनिशिया, तुर्कस्तान असं एखादं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा लागतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर माणूस बंदरावर अडकतो.

परत आल्यावर गटाला सांगताना, तुम्ही कंपनीच्या खर्चानं गेला होता हे पहिल्या वाक्यात सांगा. दोन रात्री कोणाचं मीठ खाल्लं की हात आखडतो, मलाही आखडल्यासारखं होतं. म्हणून मी जहाजावरच, उतरायच्या आदल्या रात्री, वहीत न आवडलेल्या दहा गोष्टी लिहून काढते. घरी आल्यावर त्यातलं काही खोडत नाही. बैठकीत झुंबराचा फोटो दाखवा, लोकांना तो बघायचा असतोच. त्याच्याआधी न्हाणीघराचा दाखवा.

उतरायच्या सकाळी पुन्हा एकदा त्या स्वस्त खोलीत जाऊन नळ पाच मिनिटं सोडून ठेवा. पाणी कुठे तुंबतं, जमिनीवर कुठल्या कोपऱ्यात जातं ते बघा. आणि त्या उंबरठ्याचं माप मला कळवा. पारोळ्याच्या दोन आजी माझ्याकडे कधीपासून जहाजासाठी थांबल्या आहेत.